पुसट नाव

एकदा एक वृद्ध गानगुरू आपल्या शिष्येचं गाणं ऐकायला म्हणून रिक्षाने चर्चमध्ये आले, शेवटच्या बाकावर टेकले आणि नेमकं गाणं सुरू होताना त्यांनी कानातलं मशीन काढून खिशात घातलं. आता ऐकायलाच आलेला माणूस कान खिशात घालतो, याला काय म्हणावं? पण थोरांच्या वागण्याचा अर्थ लावण्याची घाई करू नये. आधी काय झालं होतं ते पाहू.

वसईकडच्या त्या गावात इनास मास्तरांना कोण ओळखत नव्हतं! तीनशे वर्षांपूर्वी युरोपात रचलेलं, ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा सांगणारं एक महागीत जुन्या एका धर्मगुरूंनी मराठीत उतरवलं होतं. नाट्य नाही, वेश नाही; गायकवृंदाने उभं राहायचं आणि पाऊण तास नुसतं गायचं. चाळीस वर्षांपूर्वी मास्तरांनी ते गावातल्या माणसांकडून गाऊन घेतलं आणि त्याची टेप केली. तेव्हापासून दर गुड फ्रायडेला दुपारी तीनला ती चर्चमध्ये लागे आणि अवघा गाव गुडघ्यांवर बसून ऐके. मागच्या वर्षी ती टेप मशीनमध्ये गुंतली आणि तुटली. फादर म्हणाले, "नवं ध्वनिमुद्रण करू. पण मास्तरांना पटलं तरच ते लागेल. नाहीतर ती दुपार मुकी गेली तरी चालेल."

हे काम मास्तरांची शिष्या रेजिना तुस्कानो हिच्याकडे आलं. बाई गुणी, कानाची तिखट. मास्तरांपाशी बारा वर्षं शिकली. पण "बरं झालं" एवढं एकदाही तिला त्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं नव्हतं. मास्तरांचं वय ब्याऐंशी, आणि उरलासुरला कानही वर्षभरात जाणार असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणजे त्यांच्या एका शब्दासाठी तिला हीच काय ती वेळ होती.

तालमीत तिला एक दोष सापडला. गाण्यात जिथे जिथे 'येशू' हे नाव येई, तिथे तिथे आवाज खाली बसे. ध्वनिमुद्रकाने पडद्यावरची आवाजाची रेघ दाखवली. प्रत्येक नावापाशी ती खचलेली. रेजिनाला आठवलं, जुन्या टेपमध्येही नेमकं तिथेच पुसट व्हायचं, आणि गाव म्हणायचं, मशीन जुनं, त्याला कोण काय करणार. पण हे मशीन तर कोरं करकरीत होतं! मग तिने वृंदाकडे नीट पाहिलं आणि कपाळावर हात मारला. नाव आलं की मान लववायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. अठ्ठावीस माना एकदम खाली जात होत्या, आणि तोंडं माइकऐवजी फरशीकडे वळत होती.

"नाव आलं की मान खाली घालायची नाही," तिने बजावलं. "माझ्या हाताकडे बघायचं."

"अगं बाय, मान मी कुठे घालते?" कार्मेलीन काकू म्हणाल्या. त्या वृंदातल्या सर्वांत जुन्या. पहिल्या टेपमध्येही गायलेल्या. "ती आपोआप जाते."

"मग आपोआप थांबवा, काकू. ज्याच्यासाठी एवढं गाणं, त्याचंच नाव ऐकू येऊ नये?"

तिचं म्हणणं बिनतोड होतं. मंडळींनी आठ दिवस माना ताठ ठेवण्याचा सराव केला. काकूंची तर मानच अवघडली. रोज बाम चोळून त्या तालमीला येत.

ध्वनिमुद्रणाच्या सकाळी, मघाशी सांगितल्याप्रमाणे, मास्तर आले आणि त्यांनी मशीन खिशात घातलं. रेजिनाने ते पाहिलं. पण व्हायोलिनं सुरू झाली होती. गाणं निर्दोष झालं. नाव एकवीस वेळा आलं आणि एकवीस वेळा खणखणीत उमटलं. ध्वनिमुद्रकाने अंगठा दाखवला.

ती तडक शेवटच्या बाकापाशी गेली. डोळे भरून आले होते, आणि रागही होता. मास्तरांनी मशीन कानात घालून तिच्याकडे पाहिलं.

"मास्तर, मी इतकी वाईट शिकले का, की तुम्हांला ऐकवतसुद्धा नाही?"

"बस इथे," मास्तर म्हणाले. "तू सुरेल गाऊन घेणार, हे मला ठाऊक होतं. ऐकलं असतं तर भुललो असतो आणि हो म्हणून मोकळा झालो असतो. म्हणून कान खिशात ठेवले आणि डोळे उघडे ठेवले. एकवीस वेळा नाव आलं, हे मला ओठांवरून कळलं. मानांवरून एकदाही कळलं नाही."

"पण मान घातली की नाव पुसट होतं, मास्तर!"

"होऊ दे ना. चाळीस वर्षं पुसटच होतं. तुझी आई तुला मांडीशी घेऊन ऐकायला बसायची. त्या जागी ती काय करायची, आठवतं?"

रेजिनाला आठवलं. टेपमधला आवाज खाली गेला की आईचे ओठ हलत. पुढच्या बाकावरच्या बायकांचेही हलत. जे नाव टेपमधून नीट येत नसे, ते सगळा गाव हलक्या आवाजात स्वतः म्हणत असे. इतक्या वर्षांत तिला ते टेपमधलंच वाटत आलं होतं.

"आवाज खाली गेला म्हणून तू यंत्र तपासलंस," मास्तर म्हणाले. "बरोबर केलंस. पण तो कशापुढे खाली गेला, हेही विचारायचं असतं."

ती उठली. ध्वनिमुद्रकाला म्हणाली, "पुन्हा घेऊ या."

"मॅडम, रेघ परत खचेल."

"खचू दे." मग ती वृंदाकडे वळली. "काकू, मान सोडा."

"सुटले गं बाय!" काकू म्हणाल्या, आणि सगळे हसले. मग शांत झाले.

पहिलं नाव आलं तेव्हा रेजिनाचीही मान खाली गेली. हात हवेत होता, पण त्याच्याकडे पाहणारं कोणी नव्हतं. तरी पुढचा शब्द अठ्ठावीस गळ्यांतून एकदमच उमटला. ध्वनिमुद्रकाने बटणाकडे नेलेला हात मागे घेतला.

गाणं संपल्यावर ती पुन्हा शेवटच्या बाकापाशी गेली. या वेळी मशीन मास्तरांच्या कानातच होतं, आणि डोळे मिटलेले होते. तिने काही विचारलं नाही.

"नाव ऐकू आलं, बाय," ते म्हणाले. "गुड फ्रायडेला हेच लावा."