मोळीचे वळण

गडावरून पायरवाडीत उतरणारी पायवाट खाली रस्त्याला भिडते, पण सरळ पलीकडे जात नाही. कमरेएवढ्या दगडी बांधाच्या आतून ती तीस पावले उलटी, चढाच्या बाजूला जाते आणि मगच रस्ता ओलांडते. गड उतरून पाय दुखायला लागलेल्या पाहुण्यांना हा वळसा नकोसा होतो. कोणी बांधावरून टांग टाकलीच, तर ताक विकणारे शिदूअण्णा पलीकडून ओरडतात, "ओ पाव्हणं, वळणानं या! तितं आमच्या पाटलाची मान अडकली हुती!" मग ताकाचा पेला रिकामा होईपर्यंत मानेची गोष्ट ऐकणे आलेच.

संस्थानी अमलात हा रस्ता नवा झाला, असे सांगतात. आधीपासूनची पायवाट त्याने मधोमध कापली. वरच्या वाडीच्या बायका त्या वाटेने सरपणाच्या मोळ्या घेऊन गावात येत, आणि घाटातून टपालाचा टांगा सुसाट उतरे. उतारावर घोडा आवरायचा म्हणजे टांगेवाल्याच्या हाती फारसे काही नसे. एका वर्षात तिघीजणी चाकाखाली आल्या. तिसरी गजराबाईची सून. जीव वाचला, पाय गेला.

गजराबाई चावडीवर आली. सुभानराव पाटील माणूस वाईट नव्हता, पण आपले म्हणणे एकदा तोंडातून निघाले की ते मागे घेणे त्याला ठाऊक नव्हते. तो म्हणाला, "रस्ता सरकारचा, टांगा सरकारचा. बायकांनी बघून चालावं." पंचांनी माना डोलावल्या. डोलावणाऱ्यांत एकानेही जन्मात डोक्यावर मोळी घेतली नव्हती.

"भैरोबाची आन हाय," गजराबाई म्हणाली, "पाटील, एक मोळी घिऊन रस्ता वलांडून दावा. मग ह्या चावडीवर म्या पुन्यांदा तोंड उघडनार न्हाई."

भर गावात असे ऐकल्यावर पाटील मागे कसा हटणार? दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पायरवाडी रस्त्यावर जमली. टांगा एव्हाना निघून गेला असणार, असे धरून पाटील निर्धास्त होता. त्याचा चुलतभाऊ हैबतराव वरच्या मोरीच्या कठड्यावर एकटाच बसला होता. शेताच्या बांधावरून दोघांचे बिनसले होते. सात वर्षे बोलणे बंद. भाऊ आपली फजिती बघायला आलाय, हे पाटलाने ओळखले आणि छाती आणखी पुढे काढली.

गजराबाईने त्याच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, वर ओली मोळी चढवली. दहा पावलांत पाटलाला कळले की दोन्ही हात वर गुंतले आहेत, फाटे कानांच्या पुढे आले आहेत आणि मान तसूभरही वळत नाही. वळवावी तर मोळी तोल घालवून आडवे करील. समोरचे हातभर दिसते, बाकी जग नाही.

तसाच तो रस्त्याच्या मधोमध पोचला, आणि वरून घुंगरांचा आवाज आला. त्या दिवशी नेमका टांगा उशिरा निघाला होता म्हणे.

पाटलाचे पाय जमिनीला चिकटले. पुढे जावे की मागे? टांगा शंभर पावलांवर आहे की दहा? बघून चालावं, हे त्याचेच शब्द त्याच्या कानात वाजू लागले. आयुष्यात पहिल्यांदा तो खरोखर घाबरला. लोक ओरडत होते, पण त्या गलक्यात एक शब्द लागेना.

तेवढ्यात घुंगरे थांबली. अगदी जवळून सात वर्षांत न ऐकलेला आवाज आला. "चल दादा. धरलाय म्या घोडा. बिगीनं नगं, दमानं जा."

खरेच धरलाय का, हे वळून बघता येत नव्हते. ज्याच्या सावलीचाही भरवसा नव्हता, त्याच्या शब्दावर पाटलाने पाऊल उचलले. मग दुसरे, तिसरे. पलीकडे पोचल्यावर मागोमाग आलेल्या गजराबाईने मोळी उतरवली, तेव्हा कुठे त्याने मागे पाहिले. हैबतराव घोड्याच्या तोंडाला लोंबकळत होता, एक गुडघा फुटला होता. काही म्हातारे म्हणतात, लगाम भैरोबाने धरला. शिदूअण्णा म्हणतात, "मग गुडघा भैरोबाचा का न्हाई फुटला?"

पाटील मोळीवरच बसला आणि लहान मुलासारखा रडला. जीव वाचल्याचे ते रडू होते, आणि भाऊ परत मिळाल्याचेही. गजराबाई एवढेच म्हणाली, "आमाला रोज असंच वाटतं बगा."

"मान वळत न्हाई, तर वाट वळवू," पाटील डोळे पुसत म्हणाला. आठ दिवसांत दगडी बांध उभा राहिला आणि वाट चढाकडे वळली. उतरणारा टांगा बायकांना आता समोर दिसू लागला, मान न वळवता. चढणारा टांगा पाठीमागून येई, पण तो मुळातच हळू. त्यानंतर तिथे कोणाला चाक लागल्याचे कुणी सांगत नाही. वरच्या वाडीतल्या सासवा दारात वाट बघत बसायच्या, त्या निवांत झोपू लागल्या.

आता डांबर आले, पांढरे पट्टे आले, पट्ट्यांआधी गतिरोधकही आला. पण आजही निवडणुकीचा गुलाल उतरला की पायरवाडीचा नवा सरपंच खुर्चीत बसण्याआधी त्या वळणावरून मोळी घेऊन येतो. बाई असो की बाप्या, सूट नाही. त्याच्या बाजूच्या लोकांनी त्या वेळी रस्त्यावर यायचे नसते. गाड्या अडवायला एकटा हरलेला उमेदवार उभा राहतो. महिनाभर एकमेकांचे वाभाडे काढलेली दोन माणसे, एकाला मान वळवता येत नाही, दुसरा दोन्ही हात पसरून ट्रकसमोर उभा असतो आणि म्हणतो, "या, दमानं या." मोळी उतरवतोही तोच. मग त्याच सरपणावर चहा होतो, आणि दोघे तो एकाच बाकावर बसून पितात.