पाहुण्याचा वाटा

“पण बाई, पोरांनी दप्तरं परत का आणून ठेवली?”

प्रबोध रणभिसे हा नगरच्या एका चर्चचा तरुण पाळक. मंडळीच्या वतीने आफ्रिकेत, मलावीतल्या या बालकाश्रमात चाळीस दप्तरं घेऊन आला होता. सकाळी मोठ्या हौसेने वाटली, आणि दुपारी चाळीसच्या चाळीस त्याच्या दारात रचलेली.

शुलमिथबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. मूळच्या जालन्याच्या परिचारिका. तीस वर्षं इथल्या पोरक्या लेकरांत गेली.

“रंग आवडला नाही का?”

“रंग छान आहे.”

“मग माझं काही चुकलं?”

“जेवताना काय झालं, ते सांग.”

सांगण्यासारखं काही झालंय, असं प्रबोधला वाटतच नव्हतं. पोरांनी स्वतः वाढवलेला कोंबडा कापला होता. टाडाला नावाच्या थोरल्या मुलीने मक्याच्या घट्ट उकडीशेजारी कोंबड्याचा पोटा वाढला. तिकडे तो मान पाहुण्याचा. प्रबोधने ताट हळूच सरकवलं आणि पिशवीतली बिस्किटं खाल्ली.

“अनाथ लेकरांच्या तोंडचा घास मी कसा काढू, बाई? मी इथं द्यायला आलोय, घ्यायला नाही.”

“निघताना व्यासपीठावरूनही हेच म्हणाला असशील.”

प्रबोध म्हणाला होता, आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

“टाडाला मला काय म्हणाली, सांगू?” बाईंनी शेंगा बाजूला ठेवल्या. “म्हणाली, आमच्या हातचं त्यांना चालत नाही. मग त्यांचं आम्ही कसं घ्यावं?”

...

प्रबोधचा चेहरा खर्रकन उतरला. त्याच्या आजोबांच्या हातचं पाणी गावात कुणाला चालत नसे. ही गोष्ट त्याने प्रवचनात शंभरदा तरी सांगितली असेल.

तो उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन चटईवर बसला. ताट झाकून ठेवलेलं होतं. पाहुण्याचा वाटा दुसरं कोण खाणार?

“टाडाला, हातावर पाणी घालतेस?”

मुलगी तांब्या घेऊन आली. प्रबोधने हात पुढे केले, तेही देणाऱ्याचे असतात तसे पालथे. मागून आलेल्या बाईंनी ते उताणे केले.

पाणी पडलं. दारात पोरांची गर्दी झाली.

जन्मभर जेवणाआधी उपकारस्तुती करत आलेला गडी, पण आज त्याला शब्दच सापडेनात. डोळे भरून आले. आपल्याला एवढं मिळावं अशी आपली काय लायकी, असं त्याला पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

त्याने घास घेतला. पोरं खुदकन हसली.

“बाई,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “आता दप्तरं आणू?”

टाडाला आणखी वाढायला वाकली होती.

“बस खाली,” बाई म्हणाल्या. “त्यांचं देऊन व्हायचंय अजून.”