विकायची नसलेली इमारत

"विकायचीच नाही अशा वस्तूची किंमत वाढवून लिहिली, तर ते पाप होतं का, बुवा?"

मठाच्या ओसरीवर आवजीबुवा भुईमुगाच्या शेंगा निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली. पापाबद्दल विचारणारे पुष्कळ येत. पण नवीन पाप बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

"कसली वस्तू?"

"बँकेची इमारत."

विचारणारे हुपरीकर जिल्ह्याच्या बँकेत मालमत्ता विभागाचे प्रमुख होते. बँकेची इमारत, खुर्च्या, पंखे, संगणक यांच्या किमतीतून दरवर्षी झीज वजा करायची आणि उरेल ती निव्वळ किंमत ताळेबंदात मांडायची, हे त्यांचं काम. त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही असं सगळे म्हणत. सगळ्यांच्या आधी ते स्वतः म्हणत.

"इमारत झिजत नाही वाटतं?"

"झिजते की. इतकी वर्षं मीच झिजवतोय."

"मग?"

"कर्जं बुडालीत. ताळेबंदाला खड्डा पडलाय. अध्यक्ष म्हणतात, इमारत तिप्पट किमतीची दाखवा, खड्डा बुजेल. सोमवारी सही केली तर मी सरव्यवस्थापक. नाही केली तर..."

"तर?"

"घाटाखालची शाखा."

बुवांनी एक शेंग फोडली. आत काही नव्हतं. टरफल बाजूला टाकलं.

"इमारतीवर मजला चढवला का?"

"नाही."

"गळते?"

"दोन ठिकाणी."

"गळतीसकट तिप्पट?"

"जागेचे भाव वाढलेत, बुवा. मूल्यमापकाचा दाखला आहे. सगळं नियमात बसतं."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

हुपरीकरांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

"यात कोणाचं वाईट होतं, तेवढं सांगा. उलट ठेवीदारांना धीर येतो."

"आणि ते पैसे मागायला आले तर?"

"धीर आल्यावर कशाला येतील?"

"वा," बुवा म्हणाले. त्यांना हे मनापासून आवडलेलं दिसलं. आता सहीला आशीर्वाद मिळणार, असं हुपरीकरांना वाटलं...

तेवढ्यात स्वयंपाक करणाऱ्या सगुणाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"बुवा, दोन जीपा भरून माणसं आलीत. पानं मांडलीत, पण भात निम्म्यांनाच पुरेल. घरात तांदळाचा दाणा नाही."

"भाताचं पातेलं केवढ्याचं असेल?"

"ते जुनं तांब्याचं? मोडीत दोन हजार येतील. आत्ता त्याचं काय?"

"साहेब, बाजारभावाने?"

"सहा तरी सहज," हुपरीकर सवयीने बोलून गेले.

"ऐकलंत, बाई? पातेलं सहा हजारांचं झालं. वाढायला घ्या."

"काय वाढू, कपाळ?"

हुपरीकर हसले. मग आपल्याशिवाय कोणी हसत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. सकाळपासून पोटात फक्त एसटी स्टँडवरचा चहा होता, आणि आतून आमटीचा वास येत होता...

बुवा उठले. त्यांनी हुपरीकरांचा हात धरला, पंगतीतून चालवत पार शेवटच्या पानापर्यंत नेलं आणि बसवलं.

"बाई, त्या टोकापासून सुरुवात करा. आणि इथवर येईपर्यंत भात संपला, तर साहेबांच्या पानात पातेलं ठेवा."