वळणावरचा देव

घाटात डांबर नवं होतं आणि गाड्यांना वेगाची चटक नुकतीच लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका वळणावर मैलाचा दगड आणि लोखंडी पत्र्याचा कठडा शेजारी राहत. दगड ताठ, कठडा लवचिक. त्यावरून दगड त्याला रोज टोमणे मारी.

एका दुपारी खोपडे शेटची गाडी भरधाव आली आणि कठड्यावर आदळली. कठडा पार वाकला, पण त्याने गाडी दरीत जाऊ दिली नाही. ती घासत घासत दगडापाशी थांबली. शेटचं खरचटण्यावर निभावलं. डोळे उघडले तेव्हा त्याला समोर दगडच दिसला.

"एवढा वाकलास?" दगडाने विचारलं.

"धक्का मी अंगावर घेतला, म्हणून माणूस वाचला," कठडा म्हणाला.

दगडाने पुन्हा टोमणा मारला नाही.

आठवड्याने शेट नारळ घेऊन आला. "या देवानेच मला अडवलं!" म्हणत त्याने दगडाला शेंदूर फासला. मग येणारीजाणारी प्रत्येक गाडी तिथे थांबू लागली. दगड ओरडायचा, "अरे, मी नाही, तो!" पण देवाचं बोलणं कुणाला ऐकू येतं?

पुढे गाड्या लावायला जागा पुरेना. "हा वाकडा पत्रा देवापुढे शोभत नाही," शेट म्हणाला आणि त्याने माणसं लावून कठडा उपटून टाकला.

आता लांबून भरधाव गाडीचा आवाज आला की दगडाला हात जोडावेसे वाटतात. पण जोडायचे कुणापुढे? त्या वळणावर देव म्हणून तो एकटाच आहे.