महाराजांच्या कमरेची कुऱ्हाड

"हात न लावता कुऱ्हाड निवडा!" उदाजी महाराजांनी दरबारात हुकूम सोडला.

घाटाची जुनी वाट रानाने गिळली होती. महाराज स्वतः पुढे राहून ती मोकळी करणार होते, म्हणून त्यांना कमरेला खोचायला कुऱ्हाड हवी होती. कारभाऱ्यांनी हातात तोलून एक निवडली. ती खोचून महाराज चार पावलं चालले आणि कमरबंद गुडघ्यांपर्यंत आला. सेनापतींनी अंगठ्याने धार बघून दुसरी निवडली. ती लावून महाराज खाली बसले आणि लगेच उठले. तिसरी एका व्यापाऱ्याने दिली, सोन्याच्या नक्षीची. पहिल्याच घावाला तिचं पातं सुटून ओढ्यापलीकडे गेलं.

"तिघांनीही हातात घेऊन निवडली आणि तिघेही चुकले," महाराज म्हणाले. "म्हणजे चूक हाताची आहे! बरोबर निवडेल त्याने मागेल ते न्यावं. चुकेल त्याने उन्हाळाभर चुन्याचा घाणा ओढावा. बैलाला तेवढीच विश्रांती."

इतक्यात एक पोरगेला गडी आत घुसला. मागून पहारेकरी धावत आला.

"महाराज, माझ्या भावाची कुऱ्हाड द्या!"

"तू कोण? भाऊ कोण?"

"मी कोंडू. भाऊ नवसू, आपला वाटाड्या. पावसाळ्यात घाटात दरड आली, तिच्याखाली तो गेला. कुऱ्हाड तेवढी वर राहिली. शिपायांनी ती आपल्या कोठारात टाकली. कोठावळे म्हणतात, आत आलेलं बाहेर जात नाही."

"बरोबर म्हणतात. नियम माझाच आहे."

"मग मी कुऱ्हाड निवडतो. जिंकलो की तीच मागणार."

"घाण्याचं ऐकलंस ना?"

"ऐकलं. घाणा ओढतानाही तीच मागेन."

महाराजांनी मान हलवली. "निवड."

"कोठारातल्या सगळ्या कुऱ्हाडी लाकूडतोड्यांना वाटा, महाराज. कोणाला कुठली, ते बघू नका. दुपारपर्यंत त्यांना रान तोडू द्या."

तसं झालं. दुपारी लाकूडतोडे भाकऱ्यांची फडकी सोडून झाडाखाली जेवायला बसले. महाराजही एका दगडावर बसले, जरा जपून. कोंडू पहिल्या माणसापाशी गेला.

"काका, जरा कुऱ्हाड देता का? संध्याकाळी आणून देतो."

"ने की! उद्या आणलीस तरी चालेल."

दुसरा म्हणाला, "ने, आणि हिचा दांडा हलतो तेवढा बघ." तिसऱ्याने तर मागायच्या आधीच पुढे केली. कोंडूने एकीलाही हात लावला नाही. नुसता मागत गेला आणि पुढे सरकत गेला.

शेवटी धावजी नावाचा म्हातारा होता. तो कुऱ्हाडीवर मांडी घालून जेवत होता.

"धावजीबाबा, कुऱ्हाड देता?"

"भाकरी घे."

"भाकरी नको. कुऱ्हाड."

"कांदा घे. पाणी पी. माझं घोंगडं ने. कुऱ्हाड नाही!"

"सकाळीच तर मिळाली तुम्हाला!"

"म्हणून काय झालं? लग्नाच्या दिवशी कोणी बायको परत मागतं का?"

कोंडू वळला. "महाराज, हीच ती. रानातला माणूस चांगली कुऱ्हाड उसनी देत नाही."

"आणि तू हात लावला नाहीस?"

"त्यांनी लावू दिला कुठे?"

महाराजांनी हुकूम केला तेव्हा कुठे धावजी उठला, तोही कुरकुरत. दांडा धामणीच्या लाकडाचा होता, धरून धरून गुळगुळीत झालेला. महाराजांनी ती कमरेला खोचली. चालले, कमरबंद जागेवर! बसले, काही टोचलं नाही! मग उठून करवंदीची जाळी सपासप साफ केली. पातं हललंसुद्धा नाही.

"जिंकलास! आता या सगळ्यांतली भावाची दाखव."

"त्यांच्यात नाही, महाराज. आपल्या कमरेला आहे."

कारभाऱ्यांना खोकला आला.

"म्हणजे तू आधीच ओळखली होतीस?"

"लांबून ओळखली. पण माझ्या शब्दावर आपण विश्वास ठेवला असता का? म्हणून धावजीबाबांना विचारलं."

"वेडा आहेस! दुसरी कुठलीतरी दाखवायचीस, आणि ही मागून घ्यायचीस."

"मग नवसूची कुऱ्हाड दुय्यम ठरली असती."

महाराजांनी कमरेकडे बघितलं. मग त्यांनी दांडा घट्ट धरला. "ही मी देणार नाही! दुसरी हवी ती माग!"

"नक्की देणार नाही?"

"नाही म्हणजे नाही!"

"मग माझी निवड अगदी बरोबर आहे," कोंडू म्हणाला. "चांगली आहे म्हणूनच सुटत नाही. निवड बरोबर, म्हणजे मागेन ते मिळणार. मी हीच मागतो. आणि निवड चुकली असेल, तर ही कुऱ्हाड टाकाऊ. मग आपण ती कशाला ठेवता?"

महाराजांनी तोंड उघडलं. आणि त्यातून एवढं मोठं हसू बाहेर पडलं की झाडावरची वानरं उठून गेली.

"घे बाबा, घे!" त्यांनी कुऱ्हाड कमरेतून काढून दिली. "आजपासून वाटाड्या तू. कुऱ्हाड तुझ्या कमरेला, आणि मी तुझ्या मागे."

"आणि मी दुपारनंतर कशाने तोडू?" धावजीने विचारलं.

सोन्याच्या नक्षीची कुऱ्हाड पातं शोधून, पुन्हा बसवून ठेवली होती. महाराजांनी ती त्याला दिली. धावजीने ती उलटसुलट बघितली आणि शेजाऱ्याला विचारलं, "तुला हवी का रे?"

कोंडूने भावाची कुऱ्हाड कमरेला खोचली. दांडा मांडीच्या बराच खाली आला.

"लांब होतोय तुला," महाराज म्हणाले. "चार बोटं कापून घे."

"नको, महाराज. मी वाढेन."