टिटवीने पट्टी हलवली

जंगलात इंटरनेट नवंनवं आलं, तेव्हाची गोष्ट. टिटवी आपल्या ब्लॉगवर धोक्याच्या बातम्या द्यायची. पण ब्लॉगच्या तयार साच्यातली, म्हणजे टेम्प्लेटमधली, बाजूची पट्टी मोबाइलवर सगळ्यात वर यायची, आणि तिच्यात मोराचे फोटोच फोटो!

एके सकाळी शिकाऱ्याने ओढ्याकाठी जाळं लावलं. टिटवीने लगेच बातमी टाकली, पण फोटोंखाली ती कुणाला दिसेना.

“साच्याला हात लावू नकोस, पान कोसळेल,” साचा विणणारा कोळी म्हणाला.

“जीव गेल्यावर पान काय चाटायचंय?” म्हणत टिटवीने पट्टी उचलली आणि बातमीखाली ठेवली. पान उघडलं. बातमी वर! टिटवी आनंदाने ओरडतच सुटली.

ओढ्याकडे निघालेला मोर मोबाइल बघून भडकला. “माझे फोटो कुठायत?” तो वरून खाली शोधू लागला, आणि वाचता वाचता त्याचा उचललेला पाय हवेतच राहिला.