काउंटरखालचा टीव्ही

स्वस्त टीव्ही मागणाऱ्या गिऱ्हाइकाला अक्कलही स्वस्तातलीच मिळालेली असते, असं बार्शीच्या दिगंबरशेठांचं ठाम मत होतं.

एकदा त्यांच्या दुकानात कुसुमताई ढोबळे आल्या. "सासूबाईंची नजर गेलीय. त्या मालिका नुसत्या ऐकतात. टीव्ही लहान, स्वस्तातला चालेल, आवाज तेवढा स्वच्छ हवा."

शेठ इतर गिऱ्हाइकांकडे बघून हसले. "बाई, स्वस्तातले टीव्ही मुके असतात. आवाज हवा तर हा भिंतभर टीव्ही न्या. ऐका!"

पडद्यावर एक गायिका गात होती आणि दुकान दणाणत होतं.

"एवढा आवाज याचाच ना?" कुसुमताईंनी विचारलं.

"मग काय माझा?" शेठ गरजले.

कुसुमताईंनी हात लांबवून भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला, गायिका गेली, पण गाणं तसंच दणाणत राहिलं. काउंटरखाली दडवलेला भलामोठा स्पीकर मन लावून गात होता.

माणसं खो खो हसू लागली. शेठ स्पीकर बंद करायला धावले.

"राहू द्या की शेठ," कुसुमताई म्हणाल्या. "सासूबाईंना पडदा तसाही लागत नाही. तुमच्या दुकानातला सगळ्यात चांगला टीव्ही तोच आहे, तेवढा बांधून द्या."